‘गमावण्यासारखं आहेच काय?’ जुन्या स्कोअररला परत आणण्याचा हिशेब

जुलै उजाडला, एनबीएत (अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये) नवे करार सुरू झाले, की चाहत्यांमध्ये एक दावा हमखास फिरू लागतो. संघ बदलतो, खेळाडूचं नाव बदलतं, मजकूर तोच राहतो: “आपला जुना स्कोअरर, म्हणजे भरपूर गुण काढणारा खेळाडू, सध्या कराराविना मोकळा आहे. किमान पगारात येईल. सामन्याला १५ गुण अजूनही सहज काढेल. बचावात त्याला कुठेतरी लपवता येईल. पोरांना शिकवेल, स्टेडियम भरेल. पोर्टलंडने कार्मेलो अँथनीसारख्या जुन्या स्कोअररला घेतलंच ना? नाही जमलं तर सोडून द्या. गमावण्यासारखं आहेच काय?”

यामागची ओढ खरी आहे. ज्याच्यासाठी पहाटे साडेपाचचा गजर लावला, त्याला पुन्हा जुन्या जर्सीत बघावंसं वाटणारच. पण शेवटचा प्रश्न उत्तर नसल्यासारखा विचारला जातो आणि त्याला उत्तर आहे. गमावण्यासारखं बरंच असतं. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

“सामन्याला १५ गुण वाढतील”

वाढत नाहीत. ते गुण आधीच कुणीतरी काढत असतं.

सामना ४८ मिनिटांचा, मैदानात पाच जण, म्हणजे कोचकडे वाटायला २४० मिनिटं. एका संघाच्या वाट्याला पझेशन, म्हणजे चेंडू ताब्यात असण्याच्या पाळ्या, येतात साधारण शंभर. कितीही मोठा खेळाडू आला तरी हे दोन्ही आकडे तेवढेच राहतात. त्यामुळे तो किती गुण काढेल हे विचारून भागत नाही. ते गुण काढायला तो किती शॉट घेईल आणि तेच शॉट बाकीच्यांनी घेतले असते तर किती गुण आले असते, हे विचारावं लागतं.

कागदावर मांडून बघा. समजा, तो २६ मिनिटं खेळला, १३ शॉट मारले, फाउलबद्दल मिळालेले ३ फ्री थ्रो घेतले आणि १५ गुण काढले. फ्री थ्रोला ०.४४ ने गुणून शॉटमध्ये मिळवायचं, कारण दोन फ्री थ्रो मिळून साधारण एक पझेशन खातात. १३ अधिक १.३, म्हणजे १४.३ प्रयत्न. १५ ला त्याच्या दुपटीने, २८.६ ने भागलं की ५२.४ टक्के येतात. यालाच ट्रू शूटिंग म्हणतात. एनबीएची सरासरी गेल्या काही हंगामांत ५७ ते ५८ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे तेच १४.३ प्रयत्न सरासरी खेळाडूंच्या हातून झाले असते तर १६.४ गुण आले असते. बॉक्स स्कोअरमध्ये, म्हणजे सामन्याच्या आकडेवारीत, १५ दिसतात, संघ मात्र दीड गुणाने मागे पडतो. सामन्यामागे दीड गुण म्हणजे ८२ सामन्यांत ढोबळमानाने तीन-चार विजय. प्लेऑफची (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांची) जागा बऱ्याचदा तेवढ्याच फरकाने जाते.

इथे दाव्याच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. सगळे शॉट सारखे नसतात. २४ सेकंदांच्या घड्याळात चार सेकंद उरलेत, आखलेला डाव फसलाय, चेंडू कुणालाच नकोय, अशा वेळी जे शॉट पडतात त्यांची टक्केवारी सगळ्यांचीच वाईट असते. दोन ड्रिबल घेऊन, खांदा टेकवून, पंधरा फुटांवरून शॉट काढणारा माणूस तिथे खरोखर कामाचा. जुना स्कोअरर जर फक्त हेच उरलेसुरले शॉट घेणार असेल तर वरचा हिशेब त्याच्या बाजूने झुकतो. अडचण अशी की त्याला पहिल्या दहा सेकंदांतच चेंडू हवा असतो. वीस वर्षं तो तसाच खेळलेला असतो.

म्हणून सरासरी गुण बघू नका. शॉट फोडून बघा: पास मिळताच मारलेले थ्री-पॉइंटर (रेषेबाहेरून तीन गुणांचे शॉट) किती आणि ड्रिबल घेऊन मारलेले मिड-रेंज (रेषेच्या आतून, मधल्या अंतरावरचे) किती. पहिल्या प्रकारात पाय कमी लागतात, तो वयाबरोबर टिकतो. दुसऱ्यासाठी समोरच्याला अर्धं पाऊल मागे टाकावं लागतं, आणि वयाबरोबर पहिलं जातं ते हेच अर्धं पाऊल. मग शॉट तोच राहतो, पण हात समोर असताना मारावा लागतो.

“बचावात लपवता येईल”

या मुद्द्यावर आम्ही सगळ्यात जास्त अडून बसू. हल्लीच्या एनबीएत लपवण्याची जागाच उरलेली नाही.

एक पझेशन जवळून बघू. कोचने जुन्या खेळाडूला समोरच्या सगळ्यात निरुपद्रवी माणसावर ठेवलंय, तो माणूस कोपऱ्यात उभा आहे. प्रतिस्पर्धी गार्ड चेंडू घेऊन वर येतो आणि हाताने त्या कोपऱ्यातल्या माणसालाच बोलावतो. तो वर येऊन स्क्रीन लावतो, म्हणजे गार्डच्या बचावपटूच्या वाटेत उभा राहतो. आता दोनच वाटा. पहिली, स्विच करा, म्हणजे दोन बचावपटूंनी आपापली माणसं बदलून घ्या: मग संघातला सगळ्यात मंद बचावपटू समोरच्या सगळ्यात वेगवान माणसापुढे एकटा, बाकीचे चौघे रेषेबाहेर पसरलेले. गार्डने एकदा डावीकडे हूल दिली की कंबर वळते, रिंगचा रस्ता मोकळा. मदतीला दुसऱ्या कोपऱ्यातून कुणी धावलं तर चेंडू त्याच कोपऱ्यात जातो, जिथून थ्री-पॉइंटर २२ फुटांचाच आहे. समोरून तो पावणेचोवीस फुटांचा. दुसरी वाट, स्विच टाळा: जुन्या खेळाडूने दोन पावलं बाहेर येऊन गार्डला अडवायचं आणि लगेच पंधरा फूट पळत आपल्या माणसाकडे परतायचं. हे जमतं. पहिल्या तीन वेळा जमतं. सातव्या-आठव्या वेळी परतायला अर्धा सेकंद उशीर होतो आणि तेवढ्यात शॉट सुटलेला असतो. थकवा गुडघ्यात असतो, त्यामुळे तोच माणूस दुसऱ्या टोकाला गेल्यावर त्याचा स्वतःचा शॉटही रिंगच्या पुढच्या कडेला लागून परततो.

“मग झोन खेळा, माणसाऐवजी जागा राखा” असं उत्तर येतं, आणि आपल्याकडच्या मैदानांवर ते बरोबरही असतं. आपल्या जिल्हा आणि राज्य स्पर्धा फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनी होतात. तिथे बचाव करणाऱ्याला रिंगखालच्या चौकोनात कितीही वेळ उभं राहता येतं, त्यामुळे २-३ झोनमध्ये (दोघे पुढे, तिघे मागे) उंच माणूस मागे ठेवून मंद खेळाडू झाकता येतो. एनबीएत बचावालाही तीन सेकंदांचा नियम आहे: कुणाला हातभर अंतरावरून धरलेलं नसेल तर तीन सेकंदांत चौकोनाबाहेर पडावं लागतं, नाही तर समोरच्याला एक फ्री थ्रो आणि चेंडूही त्यांचाच. मागची भिंतच कायम ठेवता येत नसेल तर पुढची भोकं झाकणार कोण? झोन तिथेही खेळतात, पण चवीपुरता.

याचं ठळक उदाहरण अँथनीचंच आहे. २०१८ च्या प्लेऑफमध्ये तो ओक्लाहोमा सिटीकडे होता आणि युटाने हेच केलं: त्याच्या माणसाला पुन्हा पुन्हा स्क्रीनला आणलं. पाचव्या सामन्यात ओक्लाहोमा सिटी २५ गुणांनी मागे होती. तिथून त्यांनी सामना १०७-९९ असा खेचून आणला, तेव्हा अँथनी बराचसा वेळ बेंचवर होता. त्यानंतर तो ह्यूस्टनला गेला. ह्यूस्टनचा सगळा बचावच स्विचवर उभा होता. तो १० सामन्यांत आटोपला. शेवटच्या सामन्यात ११ पैकी १ शॉट पडला. पुढे वर्षभर त्याला कुणी घेतलं नाही.

“किमान पगारात येतो, म्हणजे फुकटच”

पैशांपुरतं हे जवळपास खरं आहे. दहा किंवा जास्त वर्षं खेळलेल्याचा किमान पगार २०२५-२६ च्या हंगामात सुमारे ३६ लाख डॉलर आहे. करार एकाच वर्षाचा असेल तर संघाच्या खात्यावर सुमारे २३ लाखच धरले जातात, वरचा फरक लीग भरते. अनुभवी माणूस महाग पडतो म्हणून संघांनी त्याला टाळू नये, यासाठीच ही सोय आहे. पण करार दोन वर्षांचा केलात की ती सवलत गेली. हे फिरणाऱ्या मजकुरात कधीच नसतं.

खरी किंमत जागेची. रोस्टरवर, म्हणजे संघाच्या यादीत, नेहमीचे करार पंधराच. पंधरावी जागा भरली की जानेवारीत कुणी जखमी झालं तर नवा माणूस घ्यायला आधी कुणाला तरी काढावं लागतं. ५ जानेवारीपासून दहा-दहा दिवसांचे करार सुरू होतात, एका संघाला एका खेळाडूबरोबर असे दोन करता येतात. विशीतल्या, बचाव करणाऱ्या पोरांना पारखायची ती सगळ्यात स्वस्त खिडकी. जागा मोकळी नसेल तर ती बंद.

“नाही जमलं तर सोडून द्या” यालाही तारीख आहे. हमी नसलेला करार १० जानेवारीला पूर्ण हंगामासाठी पक्का होतो. वेव्हरचे, म्हणजे सोडलेल्या खेळाडूला दुसऱ्या संघाने उचलण्यासाठी ठेवलेले, दोन दिवस धरले तर निर्णय ७ जानेवारीपर्यंत घ्यावा लागतो. म्हणजे हंगामाच्या सुरुवातीला घेतलेल्या माणसासाठी हातात जेमतेम अडीच महिने. त्यात सराव शिबिराच्या आधीच हमी देऊन बसलात, तर सोडायचा प्रश्न उरतच नाही.

आणि ज्याचं चित्र स्टेडियमच्या भिंतीवर आहे त्याला डिसेंबरच्या एखाद्या मंगळवारी काढणं, हे पंधराव्या क्रमांकाच्या अनोळखी पोराला काढण्याइतकं सोपं असतं का? नसतं, हे प्रत्येक व्यवस्थापक जाणतो. म्हणून तो काढत नाही, आणि मिनिटं देत राहतो.

“पोरांना शिकवेल, स्टेडियम भरेल”

शिकवणं हे वेगळं काम आहे आणि ते करणारा माणूस मिनिटं मागत नाही. मायामीत युडोनिस हॅस्लेम २०२३ पर्यंत राहिला, २० हंगाम एकाच संघात. शेवटची काही वर्षं तो जवळजवळ खेळलाच नाही. त्याचं काम सरावात आणि ड्रेसिंग रूममध्ये होतं, आणि ते त्याला मान्य होतं. स्कोअररची गोष्ट निराळी. तो शिकवतो त्याच पोराच्या मिनिटांवर उभा असतो.

फिलाडेल्फियाचा २००९-१० चा हंगाम यासाठी नीट बघावा. २४ नोव्हेंबरला लू विल्यम्सचा जबडा मोडला. गार्डची जागा रिकामी झाली, संघ हरत होता. त्याच महिन्यात अ‍ॅलन आयव्हरसनला मेम्फिसने तीन सामन्यांनंतर मोकळं केलं होतं, कारण त्याला बेंचवरून यायचं नव्हतं; त्याने निवृत्तीही जाहीर केली होती. २००१ चा एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू), चार वेळा गुणांमध्ये लीगमध्ये पहिला, फिलाडेल्फियाला फायनलपर्यंत नेलेला माणूस. २ डिसेंबरला किमान पगारावर, हमी नसलेला करार झाला. कागदावर यापेक्षा सुरक्षित व्यवहार असू शकत नाही.

७ डिसेंबरला डेन्व्हरविरुद्ध तो मैदानात आला, मध्यभागी गुडघे टेकले आणि संघाच्या चिन्हाला ओठ लावले. स्टेडियम खच्चून भरलं होतं. ते दृश्य आजही पाहिलं तर गळा दाटून येतो, आणि त्या शहराला ती रात्र मिळायलाच हवी होती असं आम्हालाही वाटतं. त्या रात्री त्याने ११ गुण काढले, ६ असिस्ट (थेट गुण मिळवून देणारे पास) दिले, आणि फिलाडेल्फिया ८३-९३ अशी हरली.

पुढे काय झालं ते कमी सांगितलं जातं. तो ३४ वर्षांचा होता. एकूण २५ सामने, सरासरी १३.९ गुण, सामन्याला सुमारे ३२ मिनिटं. दाव्यात म्हटलेले गुण जवळजवळ मिळालेच की! संघ मात्र २७ जिंकून ५५ हरला आणि हंगाम संपताच कोच एडी जॉर्डनची नोकरी गेली. एडी जॉर्डनची आक्रमणाची पद्धत प्रिन्स्टनची होती: चेंडू सतत फिरता, चेंडूशिवाय धावणारे चार जण, पाठीमागून कट. आयव्हरसनचा खेळ चेंडू हातात ठेवून समोरच्याला एकट्याने हरवण्याचा. आधीच न बसलेल्या डावात त्याला अगदी उलटा खेळाडू आला. फेब्रुवारीत घरच्या आजारपणामुळे तो संघाबाहेर गेला आणि मार्चच्या सुरुवातीला तो परतणार नाही असं जाहीर झालं. त्यात त्याचा काहीच दोष नव्हता.

त्याच संघात १९ वर्षांचा ज्रू हॉलिडे पहिलाच हंगाम खेळत होता. गार्डच्या जागेची ३२ मिनिटं रोज दुसरीकडे जात होती तेव्हा ती त्याच्याही वाट्याची होती. पुढच्या हंगामात हॉलिडे ८२ च्या ८२ सामने खेळला, सरासरी १४ गुण काढले, लू विल्यम्स बेंचवरून जवळपास तेवढेच काढत होता आणि संघ ४१-४१ करून प्लेऑफला गेला. आयव्हरसनने जे गुण आणले होते ते काढणारे दोघं आधीपासून त्याच ड्रेसिंग रूममध्ये होते.

स्टेडियमबद्दल एवढंच: घरचे सामने ४१ असतात. नाव पहिली रात्र भरतं. बाकीच्या चाळीस रात्री विजय भरतात.

“पोर्टलंडला जमलं, मायामीला जमलं”

हा दाव्यातला सगळ्यात भक्कम मुद्दा आहे, म्हणून तो झटकून टाकायचा नाही.

पोर्टलंडने नोव्हेंबर २०१९ मध्ये अँथनीला घेतलं तेव्हा त्यांच्याकडे पॉवर फॉरवर्डच्या (रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूच्या) जागेवर माणूसच नव्हता. उन्हाळ्यात अमिनू आणि हार्कलेस गेले होते, झॅक कॉलिन्सचा खांदा हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात निखळला होता, नुर्किच मोडलेल्या पायामुळे आधीपासून बाहेर. म्हणजे अँथनीने कुणाची मिनिटं घेतली नाहीत, रिकामी मिनिटं भरली. करार हमी नसलेला होता. दोन-तीन आठवडे पाहून संघाने तो पक्का केला. चेंडू गार्ड लिलार्ड आणि मकॉलम यांच्या हातात होता, समोरचे दोघं त्यांच्याकडे धावायचे आणि अँथनीला उभ्या उभ्या मोकळा शॉट मिळायचा. ५८ सामने, सरासरी १५.४ गुण, थ्री-पॉइंटरमध्ये ३८.५ टक्के.

तरीही दोन गोष्टी नजरेआड करू नयेत. या यशस्वी हंगामातही त्याचं ट्रू शूटिंग ५४ टक्क्यांच्या आसपास होतं, लीगची सरासरी ५६.५. आणि संघ ३५-३९ वर राहिला, पहिल्याच फेरीत लेकर्सकडून ४-१ असा हरला. खरा फायदा दुसऱ्या वर्षी झाला. अँथनी बेंचवरून यायला लागला, ६९ पैकी जेमतेम तीन सामने सुरुवातीपासून खेळला, आणि थ्री-पॉइंटर ४०.९ टक्क्यांवर गेला. २०१८ मध्ये बेंचची कल्पनाच उघडपणे झटकणारा हाच माणूस. शरीर दोन वर्षांनी म्हातारं झालं होतं, शॉट तोच होता. बदलली ती भूमिका, आणि ती त्याने मनापासून घेतली.

मायामीत त्यांचा जुना स्टार ड्वेन वेड फेब्रुवारी २०१८ मध्ये परतला. त्याच्या बदल्यात मायामीने दिलं ते नवे खेळाडू निवडण्याच्या ड्राफ्टमधलं दुसऱ्या फेरीतलं एक पिक (निवडीचा हक्क), तेही अटींनी इतकं बांधलेलं की जवळपास काहीच नाही. त्या प्लेऑफमध्ये फिलाडेल्फियाविरुद्ध दुसऱ्या सामन्यात त्याने बेंचवरून २८ गुण काढले. त्या मालिकेत मायामी जिंकली तो एकच सामना. मालिका ४-१ अशी गेली. पुढच्या वर्षी शेवटचा हंगाम असल्याचं त्याने आधीच जाहीर केलं. ७२ सामने खेळला, त्यातले ७० बेंचवरून, मिनिटं २६, गुण बरोबर १५. मायामी ३९-४३ वर थांबली आणि प्लेऑफला मुकली. त्या शहराने तो हंगाम निरोप म्हणून घेतला आणि त्यात काही गैर नाही. फक्त तो हंगाम विजय वाढवण्याचा पुरावा म्हणून दाखवू नये.

लिलार्डला पोर्टलंडने २०२५ च्या जुलैत परत आणलं ते उदाहरणही इथे बसत नाही. ३५ व्या वर्षी, टाचेची अकिलीस शीर तुटलेल्या माणसाला तीन वर्षांचे ४.२ कोटी डॉलर देणं हा उघड, मोठा, विचारपूर्वक लावलेला डाव आहे. तिथे कुणी “फुकट” म्हणत नाही.

तर मग कधी आणावं? आम्ही नको म्हणत नाही. जागा खरोखर रिकामी हवी, आणि त्याच्यामुळे कुणाची किती मिनिटं कापली जातील हे नावानिशी लिहून काढलेलं हवं. उभ्या उभ्या मारलेल्या थ्री-पॉइंटरची टक्केवारी गेल्या दोन हंगामांत ३७ च्या वर हवी. सरावात सलग दहा पझेशन त्याच्यावर स्क्रीन आणून बघावं. पहिल्या तीनवरून काही ठरवू नये, शेवटच्या तीनमध्ये तो माणसाकडे परततोय का ते बघावं. लागोपाठ दोन रात्री सामने असतील तर दुसऱ्या रात्री त्याला बसवायचं, हे आधीच ठरवावं. करार एकच वर्षाचा, बिनहमीचा.

आणि सहीच्या आधी कोचने समोर बसून त्याला तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात: तू बेंचवरून येशील, चौथ्या क्वार्टरमध्ये समोरचे तुला शोधायला लागले की मी तुला काढेन, ७ जानेवारीला आपण पुन्हा बसू. हे ऐकून त्याने हो म्हटलं तर जर्सी छापायला द्यावी. तो गप्प झाला, तर ते उत्तर मेम्फिसच्या तीन सामन्यांनंतर मिळण्यापेक्षा त्या खोलीत मिळालेलं त्याच्यासाठीही बरं.